निरोगी म्हातारे हवेत, पण जातीचा रकाना कुठे आहे?

मुलाखतीतला तिसरा प्रश्न होता, "बस्तीत तुमची ओळख असेल ना?" पहिला प्रश्न पदवीचा होता, दुसरा स्कूटी चालवता येते का हा. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या मुलीला तिच्या विषयाबद्दल कुणी काहीच विचारलं नाही. अर्जावरचं आडनाव वाचून झालं होतं, आणि त्यांना हवी असलेली पात्रता त्या आडनावातच होती.

शहर जबलपूर. काम कंत्राटी, अकरा महिन्यांचं. एका प्रतिबंधक लसीची वृद्धांवर चाचणी सुरू होती आणि त्यासाठी साठीच्या पुढची 'निरोगी' माणसं हवी होती. आठवड्याला बारा. बारा भरले तर ठीक, नाही भरले तर सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारणा. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. मुद्दा एका संस्थेचा नाही, आणि या लेखात मला माझा स्वतःचाही हिशेब द्यायचा आहे.

मी गोंदियाची. जबलपुरात मावशीकडे राहत होते. काका तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. कारखान्यांच्या, रेल्वेच्या, बिडीच्या कामामागे विदर्भातली आपली माणसं तिकडे गेली आणि तिथलीच झाली. रांझीच्या पुढे अशी घरं आहेत जिथे रस्त्यावरचं बोलणं हिंदी, पण भिंतीवर बाबासाहेब आणि चुलीजवळ मराठी.

पहिल्या आठवड्यात माझी तीनच नावं झाली. दारात उभी राहून मी शिकवल्याप्रमाणे बोलत होते: अमुक संस्थेकडून आलो आहोत, संशोधन आहे, सहभाग ऐच्छिक आहे. लोक ऐकून घेत आणि दार लावत. दुसऱ्या आठवड्यात एका दारातून आतला बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि माझ्या तोंडून सहज "जय भीम" निघालं. आतून "जय भीम, ये बाई" आलं. चहा आला, नाव मिळालं, शेजारच्या दोन घरांची नावंही मिळाली. त्या आठवड्यात चौदा झाली. सोमवारच्या बैठकीत साहेब म्हणाले, "बघा, हिला जमतं. ती त्यांच्यातलीच आहे ना." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

पुढचे सात महिने मी जय भीम म्हणून सह्या गोळा केल्या. सह्या कमी, अंगठे जास्त.

त्यातला एक अंगठा एका आजीचा. आधार कार्डावर वय चौसष्ट, खरं किती ते तिलाही माहीत नव्हतं. सगळा जन्म बिड्या वळण्यात गेलेला. मी माहितीपत्रक काढलं. अकरा पानं, हिंदीत, पण ती हिंदी सरकारी अधिसूचनेची. मी ते तिच्या भाषेत सांगितलं, दहा मिनिटांत, कारण अजून दोन घरं बाकी होती. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, अर्ध्यांना लस मिळेल आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, हे मी सांगितलं का? सांगितलं. तिला ते कळलं का? तिने विचारलं, "बीपी पाहता का?" मी म्हणाले, हो, बीपी, शुगर, छातीचा फोटो, सगळं फुकट. तिने अंगठा पुढे केला.

तिने संमती दिली ती बीपीच्या तपासणीला. मी ती लसीच्या चाचणीच्या रकान्यात लिहून घेतली.

नियम असा आहे की ज्याला वाचता येत नाही त्याला माहिती देताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक निःपक्ष साक्षीदार हजर असला पाहिजे आणि त्याने सही केली पाहिजे. आजीच्या कागदावर ती सही संध्याकाळी गाडीच्या ड्रायव्हरने केली. दिवसभर तो गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून होता. त्यालाही कंत्राटच होतं. मी ते पाहिलं आणि फाइल पुढे दिली.

इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी आजीचा दंड सुजला, ताप चढला. कागदावर चोवीस तासांचा म्हणून दिलेला नंबर रात्री कुणी उचलला नाही. मुलाने तिला गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे नेलं. चौदाशे रुपये गेले. ती बरी झाली. नोंदीत 'सौम्य' असं लिहिलं गेलं. चौदाशे रुपये परत मिळाले नाहीत, कारण म्हणे न कळवता बाहेर उपचार घेतले. मी भेटायला गेले तेव्हा ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तू म्हनली म्हून आंगठा देला, बाई."

एवढीच घटना. कुणी मेलं नाही, बातमी झाली नाही. पण त्या वाक्याने माझी झोप उडवली आणि त्याच्याच मागे मी पीएच.डी.पर्यंत आले. आज ते वाक्य तुमच्यापुढे ठेवते, कारण तुमच्यातले पुष्कळजण घरातले पहिले पदवीधर आहेत. कागद वाचून दाखवायला वस्ती तुम्हालाच बोलावते, आणि कागद भरून घ्यायला संस्थाही तुम्हालाच नोकरीवर ठेवते.

आधी हे बघू की निरोगी म्हातारा शोधतात कुठे. जबलपुरात निरोगी वृद्धांची कमतरता नाही. नेपियर टाउन, राइट टाउनमध्ये सकाळी चालायला बाहेर पडणारे निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, वकील आहेत. साठीच्या पुढचे, वेळ असलेले, तपासण्या नियमित करणारे, कागद वाचू शकणारे. माझ्या सात महिन्यांत त्या भागाची यादी माझ्या हातात कधी आली नाही. एकदा विचारलं तर उत्तर मिळालं, "ते लोक फार प्रश्न विचारतात."

याला शास्त्रीय कारणही दिलं जातं, आणि ते खोटं नाही. उपचाराच्या चाचणीला आजारी माणूस लागतो. तो दवाखान्यात सापडतो. प्रतिबंधाच्या चाचणीला निरोगी माणूस लागतो, पण असा, ज्याला पुढे तो आजार होण्याची शक्यता भरपूर आहे. आजार कुणालाच झाला नाही तर लस चालली की नाही हे कळणार कसं? म्हणून शोध घेतात तो जिथे संसर्ग दाट आहे तिथे. २०२० मध्ये आयसीएमआरने कोविडविरुद्ध बीसीजी लस वृद्धांना उपयोगी पडते का हे तपासायला ६० ते ८० वयाची माणसं घेतली. ठिकाणं निवडली ती कोविडचे हॉटस्पॉट. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेने चालवलेल्या या अभ्यासात मुंबई, अहमदाबाद, जोधपूर, दिल्लीबरोबर मध्य प्रदेशातलं भोपाळही होतं.

शास्त्र म्हणून यात चूक नाही. पण हॉटस्पॉट आभाळातून पडत नाही. एका खोलीत सात माणसं, सामाईक संडास, दारासमोरची उघडी गटार हे कुणाच्या वाट्याला येतं, ते या देशात जात ठरवत आली आहे. शास्त्रज्ञाच्या नकाशावर जो 'संसर्गाचा दर' दिसतो, तो आपल्या नकाशावर जातीचा पत्ता असतो. चाचणी त्या पत्त्यावर येते, रक्त घेते, आकडे घेते आणि पत्ता मात्र लिहीत नाही.

'निरोगी' या शब्दाचीही तीच गोष्ट. माझ्या यादीतले कितीतरी जण तपासणीत गळायचे. बीपी वाढलेलं, रक्त कमी, छातीच्या फोटोत जुना डाग. महापालिकेत झाडूकाम करून निवृत्त झालेल्या एका बाबांच्या फाइलवर 'अपात्र' पडलं. त्यांनी विचारलं, "आजार तुम्ही काढला, आता औषध कोण देणार?" माझ्याकडे छापील चिठ्ठी होती: जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. म्हणजे चाचणीला आमचा म्हातारा हवा, पण जातीने ज्याला खाल्लं नाही असा हवा.

आणि असे किती उरतात? मध्य प्रदेशासह नऊ राज्यांच्या आकडेवारीवर संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी आहे आणि दलितांचं तीन वर्षांहून जास्त. गरिबीचा हिशेब वेगळा काढला तरी ही दरी पूर्ण मिटत नाही. साठीपर्यंत पोचणं हीच आपल्याकडे एक निवड-चाचणी आहे. ती पास होणाऱ्यांच्या दारात मग दुसरी चाचणी येते.

कुणी म्हणेल, हे एका शहरातल्या एका कंत्राटी मुलीचं रडगाणं आहे. तर सार्वजनिक नोंदी बघा. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे आपण शाळेत अभिमानाने वाचतो. त्यानंतर ती कुणाला टोचली? भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. त्यांना 'स्वयंसेवक' म्हटलं गेलं. कुलूप बाहेरून लावलेलं असताना स्वेच्छा म्हणजे काय, हे त्या धड्यात नसतं.

२००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. मुली दहा ते चौदा वर्षांच्या, पुष्कळशा आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. अनेकींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. इंदूरमधल्या औषध चाचण्यांचं प्रकरण पेटल्यावर स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्या रेट्यातून चाचण्यांचे नियम कडक झाले.

तरीही २०२० च्या डिसेंबरात भोपाळमध्ये कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत वायुग्रस्त वस्त्यांतली माणसं घेतली गेली. साडेसातशे रुपये मिळत होते. ही चाचणी आहे हे कळलंच नाही, लस मिळते आहे असं वाटलं, कागदाची प्रत हातात आली नाही, असं अनेकांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. सहभागी झालेला एक आदिवासी मजूर नऊ दिवसांनी मरण पावला. मृत्यूचा लसीशी संबंध नाही, विषबाधेचा संशय आहे, असं कंपनीने सांगितलं. संमतीबद्दलचे आरोपही कंपनीने आणि रुग्णालयाने फेटाळले. मृत्यूच्या कारणाचा निवाडा मी करणार नाही. मी एवढंच विचारते: साडेसातशे रुपयांसाठी रांग कोणत्या वस्तीत लागते, हे ठिकाण निवडणाऱ्याला माहीत नसतं का?

आता कागदाकडे या. २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांतला संमतीपत्राचा नमुना काढून वाचा. त्यात सहभागी व्यक्तीचं शिक्षण विचारलं आहे, व्यवसाय विचारला आहे, वार्षिक उत्पन्न विचारलं आहे, मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची त्या वारसाचं नाव विचारलं आहे. जात विचारलेली नाही. निबंध छापून येतो तेव्हा पहिल्या तक्त्यात वय, लिंग, वजन, मधुमेह, धूम्रपान असतं. जात बहुधा नसते. ज्या गोष्टीमुळे माझी निवड झाली, ज्या गोष्टीमुळे ती वस्ती निवडली गेली, ज्या गोष्टीमुळे दार उघडलं, तीच एक गोष्ट कागदावर नाही.

या नियमांत भरपाईचं सूत्रही आहे. आठ लाख हा पाया, त्याला वयाचा गुणक आणि धोक्याचा गुणक. वय जितकं जास्त तितका गुणक कमी, माणूस जितका निरोगी तितका जास्त. हिशेब केला तर पासष्टीच्या निरोगी माणसाचा मृत्यू चाचणीमुळे झाला असं ठरल्यास ३२ लाख होतात. सोळा वर्षांच्या निरोगी मुलाचे ७३ लाख ६० हजारांच्या आसपास. म्हाताऱ्याचा जीव निम्म्याहून कमी. पण ते ३२ लाख तरी कुणापर्यंत पोचणार? आधी घरच्यांना माहीत हवं की आई चाचणीत होती. त्यांच्याकडे प्रत हवी. नंबर उचलणारा कुणी हवा. मग समितीने म्हणायला हवं की मृत्यू चाचणीशी संबंधित आहे. सूत्र छान आहे; ते सुरू करण्याची किल्ली वस्तीबाहेर आहे.

दुर्बल सहभागींची संमती चित्रित करावी हा नियमही आहे, पण तो नव्या रेणूच्या औषधांपुरता. जुनी लस नव्या वयोगटाला देऊन बघायची असेल तर कॅमेरा लागत नाही. आयसीएमआरची २०१७ ची नीतितत्त्वं आदिवासी, उपेक्षित आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या वंचित समूहांना दुर्बल मानून विशेष संरक्षण द्या म्हणतात. पण कोण उपेक्षित आहे हे तुम्ही लिहूनच ठेवलं नाही, तर संरक्षण कुणाला दिलं हे तपासणार कसं?

हा प्रश्न जुना नाही. क्षयासाठी २०२४ पासून मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत प्रौढांना बीसीजी देणं सुरू झालं. पात्र कोण? साठीच्या पुढचे, गेल्या पाच वर्षांत क्षय झालेले, क्षयरुग्णाच्या घरातले, मधुमेही, धूम्रपान करणारे आणि ज्यांचा बीएमआय १८ च्या खाली आहे असे. मूळ कागदावर हा अभ्यास आहे: काही जिल्ह्यांत लस द्यायची, काहींत नाही, मग तुलना करायची. अभ्यासाची गरजही आहे, कारण १९६८ मध्ये चेंगलपट्टूत सुरू झालेल्या बीसीजीच्या प्रचंड चाचणीत पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर प्रौढांना संरक्षण मिळाल्याचं दिसलं नव्हतं. पण लोकांपर्यंत हे पोचलं ते 'मोहीम' म्हणून. मोहिमेत माणूस लाभार्थी असतो आणि आभार मानतो. अभ्यासात तो सहभागी असतो आणि त्याला 'नाही' म्हणता येतं. एका शब्दाच्या फरकात माणसाचा हक्क हरवतो.

इथे माझ्यासारख्यांचा भाग येतो. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यखात्याने सुमारे सहाशे काळ्या पुरुषांचा सिफिलिसचा अभ्यास केला. पेनिसिलीन आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. हे तुम्ही वाचलं असेल. पण ही माणसं चाळीस वर्षं टिकली कशी? युनिस रिव्हर्स नावाची एक नर्स होती. स्वतः काळी, टस्कीगीतच शिकलेली. ती आपल्या गाडीतून त्यांना तपासणीला नेई, घरच्यांची चौकशी करी, अंत्यविधीच्या पैशांचं समजावून सांगे. फुकट तपासणी, गरम जेवण आणि आपल्यातली एक बाई. रिव्हर्सबद्दल इतिहासकारांत आजही वाद आहे: ती गुन्ह्यात सामील होती की तिच्या लोकांना मिळेल तेवढं मिळवून देत होती? माझं काम टस्कीगीच्या जवळपासही नव्हतं. पण "ती त्यांच्यातलीच आहे" हे वाक्य ऐकताना मला आता रिव्हर्सची गाडी आठवते.

आपल्या शिक्षणाची ही किंमत लावली गेली आहे. प्रकल्पाचा प्रमुख वर, समन्वयक मध्ये, आणि खाली दारोदार फिरणारे आपण: अनुसूचित जातीचे, जमातीचे, ओबीसी, घरातले पहिले पदवीधर. शोधनिबंधावर नाव त्यांचं, वस्तीत तोंड आपलं. बाबासाहेबांच्या नावाने उघडणारं दार आपण लक्ष्यपूर्तीसाठी वापरतो. मी वापरलं. पगार हवा होता, धाकट्या भावाची फी होती. हे कारण खरं आहे आणि ते पुरेसं नाही.

मग काय, चाचण्या बंद करायच्या? अजिबात नाही. क्षय आपल्या घरात आहे, लस सगळ्यात जास्त आपल्यालाच हवी. आपल्या म्हाताऱ्यांना वगळून केलेलं औषध आपल्याला लागू पडेलच असं नाही. बहिष्कार हा आपला मार्ग नाही. आपण मोजले जाणं हा आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टरांच्या गटाने केलेली 'राशन्स' चाचणी बघा. क्षयरुग्णाच्या घरातल्या निरोगी माणसांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली. दहा हजारांहून जास्त माणसं होती. नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्या निबंधात स्पष्ट लिहिलं आहे की सुमारे दोन तृतीयांश लोक संथाल, हो, मुंडा, उरांव, भूमिज अशा आदिवासी समूहांतले होते. म्हणजे लिहिता येतं. आणि लिहिलं की हेही दिसतं की या माणसांना आजार होत होता तो भुकेमुळे.

दोन आक्षेप येतात. पहिला बाहेरचा: जात लिहिली तर डॉक्टर जातीला जीवशास्त्र बनवतील. धोका खरा आहे. म्हणून स्पष्ट म्हणू या: जात रक्तात नाही, पण कुणाचं रक्त मागितलं गेलं यात ती आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये कायदा झाला की सरकारी पैशातल्या वैद्यकीय संशोधनात स्त्रिया आणि वांशिक अल्पसंख्याक घेतलेच पाहिजेत. तिथे मोजणी कायद्याने आली. इथे 'आम्ही जात मानत नाही' म्हणून मोजणी टाळली जाते, आणि यादी मात्र जातीनेच बनते. दुसरा आक्षेप आपला: आयुष्यभर आडनाव लपवून जगलो, आता दवाखान्यातही सांगायचं? नाही. सुई टोचणाऱ्याला सांगायचं नाही. नाव काढून टाकलेल्या एकत्रित आकड्यात ते यावं, एवढंच.

मागण्या मोठ्या नाहीत. किती जणांना विचारलं, किती जण अपात्र ठरले, किती घेतले, किती मध्येच गळाले, हे जात-जमातनिहाय प्रसिद्ध करा. अपात्र ठरलेल्याच्या आजारावर उपचार सुरू झाल्याशिवाय त्याची फाइल बंद करू नका. तपासणी हा हक्क आहे, त्याचं आमिष करू नका. साक्षीदार प्रकल्पाच्या पगारावरचा नको. आणि नीती समितीत नियमानेच एक सामान्य नागरिक आणि एक समाजशास्त्र किंवा सामाजिक कामातली व्यक्ती लागते. त्या खुर्च्यांवर वस्तीतली माणसं बसवा. आपल्यात आता तेवढे पदवीधर आहेत.

हे सरकारकडे मागायचं. तुमच्याकडे वेगळं मागते. उद्या तुमच्या आत्याला, बाबांना, शेजारच्या आजीला कुणी फॉर्म दिला, तर पूर्ण वाचा आणि चार गोष्टी विचारा: अर्ध्यांना काय मिळणार? प्रत कुठे आहे? रात्री नंबर कोण उचलणार? निकाल आम्हाला कोण सांगणार? आणि फॉर्म घेऊन जाणारे तुम्हीच असाल, तर दहा मिनिटांच्या जागी तास द्या, ड्रायव्हरच्या सहीला नाही म्हणा, आणि बारा भरले नाहीत तर सोमवारी मान खाली घालू नका.

गेल्या वर्षी मी जबलपूरला गेले होते. आजीकडे गेले, म्हणाले, "आजी, तेव्हा मी तुला सगळं नीट सांगितलं नव्हतं." आणि पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी घाई न करता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मले काय टोचलं होतं? लस का पानी?"

तापावरून लस असावी असं वाटतं. पण मला खात्रीने माहीत नाही. चाचणी संपली, आकडे गेले, आणि तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

जय भीम.